शेवटचा भाग संपल्यावर नेटफ्लिक्स किती साथ देतं?

आवडती प्रेमकथा संपली की पुढचे काही दिवस दुसरं काही बघवत नाही. नवी मालिका लावली तरी दहा मिनिटांत बंद होते, कारण जीव अजून जुन्याच दोघांत अडकलेला असतो. यावरचा खरा उतारा म्हणजे तीच मालिका पहिल्यापासून पुन्हा बघणं. नेटफ्लिक्सवर हे छान जमतं, मात्र आधी त्याच्या काही सवयी मोडाव्या लागतात. प्रेक्षकाला सतत पुढच्या गोष्टीकडे ढकलणं हा या अ‍ॅपचा स्वभाव आहे आणि आपल्याला तर मागे जायचं असतं.

उदाहरणाला 'क्रॅश लँडिंग ऑन यू' घेऊ. डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर दर शनिवार-रविवारी लागलेली ही १६ भागांची मालिका. पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात जाऊन पडलेली यून से-री आणि तिला लपवून ठेवणारा कॅप्टन री जॉंग-ह्योक. संपल्यावर माणसाला रिकामं करून सोडणाऱ्या मालिकांत हिचं नाव फार वर आहे.

मालिका एकदा पूर्ण पाहिलेली असेल तर ती उघडताच अ‍ॅप पहिल्या भागावर नेईलच असं नाही, आणि प्रत्येक भागाखाली 'पाहिला' अशी भरलेली लाल रेघ असते. ती पुसायची तर ब्राउझरमधून खात्यात जाऊन, पाहिलेल्या भागांच्या यादीतून पूर्ण मालिका लपवावी लागते. सगळ्या उपकरणांवर हा बदल दिसायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. त्यापेक्षा नवी प्रोफाइल उघडणं सोपं. एका खात्यात पाच प्रोफाइल बसतात. त्यातली एक फक्त पुन्हा बघण्यासाठी ठेवली की जुन्या नोंदींना हात लागत नाही आणि नव्या मालिकांच्या शिफारशींची सरमिसळही होत नाही.

मग ऑटोप्ले बंद करायचं, आणि हे टाळू नये. खाते, प्रोफाइल, प्लेबॅक सेटिंग्ज असं जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू करण्याची खूण काढायची आणि सेव्ह करायचं. ही सेटिंग प्रोफाइलपुरती असते, त्यामुळे नव्या प्रोफाइलवर ती वेगळी करावी लागते. टीव्हीवर फरक दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत यायचं, मग ती लागू होते.

एवढी खटपट कशासाठी, तर कोरियन प्रेमकथांत भागाच्या अगदी शेवटी छोटे जोडप्रसंग येतात. या मालिकेत तर कथेचा अर्धा जीव त्यांतच आहे. स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठी वाजणारी पियानोची ती धून, ती कोणी वाजवली आणि त्या क्षणी से-री कोणत्या मनःस्थितीत होती, हे धागे हळूहळू जुळत जातात. श्रेयनामावली सुरू झाली की चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढच्या भागाचं बटण समोर येतं. तेव्हा श्रेयनामावली पाहण्याचं बटण दाबायचं. पहिल्या वेळी घाईत निसटलेलं बरंच काही इथे सापडतं. (तळ्याच्या ज्या धक्क्यावर तो पियानो ठेवला होता, त्या इझेल्टवाल्ड गावात चाहत्यांची इतकी रीघ लागली की २०२३ पासून धक्क्यावर जायला ५ फ्रँक घेतात.)

आवडते प्रसंग जपून ठेवायला मोबाइल अ‍ॅपमध्ये 'मोमेंट्स' आहे. प्रसंग चालू असताना स्क्रीनवर टॅप करून ते बटण दाबलं की तो 'माय नेटफ्लिक्स'मध्ये जमा होतो आणि नंतर थेट तिथूनच सुरू करता येतो. पुन्हा बघणाऱ्यासाठी या अ‍ॅपमधली सर्वात कामाची सोय हीच. ज्यांचं बघणं टीव्हीवर होतं त्यांनी साधी वही ठेवावी: भाग, वेळ आणि दोन शब्द. चित्राखालच्या पट्टीच्या टोकाला भागाचा उरलेला वेळ दिसतो, गेलेला नाही. तेव्हा सगळीकडे उरलेलाच लिहावा, नाहीतर पुढे गोंधळ होतो.

वेग वाढवण्याची सोय १.५ पटीपर्यंत आहे, पण ती इथे वापरू नये. प्रेमकथेत दोन वाक्यांमधल्या शांततेला अर्थ असतो आणि वेग वाढवला की आधी तीच जाते. भाग सव्वा तासाच्या आसपासचे आहेत, शेवटचा आणखी मोठा. सलग बसलं तर सगळं तीन-चार दिवसांत संपतं आणि पोकळी पुन्हा तशीच समोर येते. मूळ वेळापत्रकासारखे आठवड्याला दोन भाग बघितले तर आठ आठवडे पुरतात.

इंग्रजी सबटायटल्सची मर्यादा दुसऱ्या फेरीत जास्त जाणवते. आपल्याकडे 'तुम्ही'चं 'तू' होतं तो क्षण जसा कानाला कळतो, तसं कोरियनमध्ये वाक्याच्या शेवटचं आदराचं 'यो' गळतं. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'च. उत्तर कोरियातल्या बोलीचा बाजही सबटायटल्समध्ये उतरत नाही. गोष्ट माहीत झालेली असल्यामुळे या फेरीत अक्षरांवरची नजर काढून कान देता येतो.

सोबत मात्र नेटफ्लिक्सवर मिळत नाही. व्हिकी या आशियाई मालिका दाखवणाऱ्या अ‍ॅपवर प्रसंगागणिक इतर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया पडद्यावर सरकत जातात, आणि एकट्याने बघणाऱ्याला त्याचा फार आधार वाटतो. पण तिथली यादी देशागणिक बदलते, त्यामुळे आपली मालिका आहे का ते आधी तपासावं.

डाउनलोडवर विसंबू नये. काही भागांची मुदत पहिल्यांदा चालवल्यानंतर ४८ तासांतच संपते आणि मालिका नेटफ्लिक्सवरून गेली की उतरवलेले भागही चालत नाहीत. मालिका जाणार असेल तर तिच्या माहितीच्या पानावर शेवटची तारीख दिसते, पण ती शेवटच्या महिन्याभरातच. पानावर अधूनमधून नजर टाकत राहावी.

शेवटच्या भागाला रिमोट हातातच ठेवावा. वर्षातून फक्त दोन आठवडे एकत्र राहू शकणारे ते दोघं पडद्यावर असतात आणि श्रेयनामावली सुरू होताच अ‍ॅप दुसरीच मालिका पुढे करतं. तेवढ्यात बटण दाबलं तर नावं शेवटपर्यंत सरकतात आणि गाणंही पूर्ण ऐकायला मिळतं.