थिबा राजाचं माणिक म्हणून घेतलेली अंगठी

गेल्या वर्षी ह्यांची साठीशांत होती. अंगठी करायची हे आधीच ठरलं होतं आणि रवीचं रत्न म्हणून माणकाचीच करायची, हा सासूबाईंचा आग्रह. माझ्या एका एफडीची मुदत त्याच सुमारास संपत होती. त्यातले २ लाख ३० हजार रुपये मी एका लाल खड्यापायी घालवले. कसे घालवले ते सविस्तर लिहिते आहे, कारण तो माणूस अजून घरोघर फिरतो आहे आणि त्याची गोष्ट ऐकायला फार गोड आहे.

माझ्या चुलत नणंदेच्या ओळखीतून तो आला. दुकान नाही, जुन्या घराण्यांतल्या वस्तू घरी आणून दाखवतो, असं तिने सांगितलं होतं. चहा झाला, गप्पा झाल्या. बोलता बोलता त्याने विचारलं, "वहिनी, तुमचं माहेर कुठलं?" मी रत्नागिरी म्हटलं. त्यानंतर त्याने पिशवीतून निळी मखमली डबी काढली. हा क्रम मला आज स्पष्ट आठवतो. तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

रत्नागिरीच्या माणसाला थिबा राजा सांगावा लागत नाही. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात गादीवरून उतरवलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० मध्ये पुरा झाला. लहानपणी आम्ही त्याच्या आवारात खेळलोय. पैसा कमी पडला की राजा जवळची रत्नं विकायचा, हे मी आजीच्या तोंडून कितीदा ऐकलेलं. त्यामुळे राजाच्या कारभाऱ्याने एका सावकाराकडे गहाण टाकलेली अंगठी सावकाराच्या पणतीने आता विकायला काढली आहे, हे त्याने सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसायला क्षणही लागला नाही. कागद एकही नव्हता. मी मागितलाही नाही.

मग त्याने परीक्षा करून दाखवल्या. वाटीभर दुधात अंगठी बुडवली, दुधावर गुलाबी छटा दिसली. (कुठलाही लाल पारदर्शक खडा दुधात तशीच छटा देतो, काचेचासुद्धा.) नंतर खोलीतले दिवे घालवून जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी खड्यावर धरली. खडा निखाऱ्यासारखा पेटला. "असा पेटतो तो फक्त बर्म्याचा," तो म्हणाला. सासूबाईंनी हात जोडले.

सोबत बँकेच्या कार्डाएवढं एक लॅमिनेट केलेलं कार्ड होतं. त्यावर 'नॅचरल रूबी, बर्मा' असं छापलेलं. अंगठीवर हॉलमार्कही होता. मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये सहा अक्षरांचा तो एचयूआयडी टाकून मी स्वतः तपासला. २२ कॅरेट, जुळलं. आता ठामपणे सांगते, हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. खड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर पुढचं काही झालं नसतं.

खड्याच्या मागची बाजू सोन्याच्या पत्र्याने बंद होती. "जुन्या अंगठ्या अशाच, खाली डांक असते," तो म्हणाला. हे खरं आहे. जुने जडिये खड्याखाली चमकदार पत्र्याची डांक घालून रंग खुलवायचे. पण पुढचं वाक्य त्याने जरा जोर देऊन सांगितलं: "मागचं उघडू मात्र नका हं, अँटिक किंमत निघून जाते." मी १ लाख ८० हजार बँकेतून पाठवले आणि ५० हजार रोख दिले.

साठीशांत छान झाली. दोन महिन्यांनी अंगठी सैल होते म्हणून आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे नेली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला जवळ बोलावलं. "ताई, कडं आतून किती झिजलंय बघा. आणि हे खड्यावरचे पंजे बघा, कसे टोकदार आहेत. एकाच बोटात एवढी वर्षं असती तर दोन्ही झिजायला हवं होतं." मागचा पत्रा जिथे झाळून जोडला होता तो सांधा ताजा होता, पिवळाधमक. शिवाय खड्याचे पैलू यंत्रावर घासल्यासारखे अगदी एकसारखे होते. जुन्या हाताच्या कामात खडा वाया जाऊ नये म्हणून कारागीर वजन राखायचे, त्यामुळे पैलू बहुधा थोडे वाकडे-तिकडे असतात. काकांनी खात्रीचं काही सांगितलं नाही. "लॅबला न्या, माझं काम तिथे संपतं," एवढंच म्हणाले. ते मला फार प्रामाणिक वाटलं.

लॅबमधल्या मुलीने आधीच सांगितलं की जडवलेल्या खड्याची तपासणी अर्धवट होते, वजनही अंदाजानेच लिहावं लागतं. तेव्हा काकांकडूनच खडा सुटा करून घेतला. खाली डांक नव्हतीच, मागून बंद करायचा नुसता पत्रा. तिने वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा, मोजला; तो माणकाचाच आला, १.७६ ते १.७७. मला हायसं वाटलं. मग तिने खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, उजेड तिरका केला आणि मला डोळा लावायला सांगितलं.

आत बारीक रेषा होत्या. जुन्या तबकडीवरच्या खाचांसारख्या, एकापाठोपाठ एक, सगळ्या वळणदार. एका कडेला दोन-तीन अगदी गोल बुडबुडे. ती म्हणाली, "खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात, कोनात वळतात. अशा गोलाईत कधीच नाहीत. हा ज्योतीत वाढवलेला खडा आहे."

ऑग्युस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ही पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड, त्यात किंचित क्रोमियम, ती ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडते आणि थेंबावर थेंब साचून काही तासांत लांबट गोळा तयार होतो. घटक माणकाचेच, कठीणपणा तोच, वक्रीभवनांक तोच. म्हणून ओरखड्याची परीक्षा, वजनाची परीक्षा, सगळ्यांत तो पास होतो. आणि जांभळ्या उजेडात तर जास्तच पेटतो. ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खाणीतलं माणिक संगमरवरात तयार होतं, त्यात लोह फार कमी, म्हणून ते चमकतं. थायलंड किंवा मोझांबिकच्या माणकात लोह जास्त, त्याने चमक दबते. कारखान्यातल्या खड्यात लोह जवळजवळ नसतंच. म्हणजे त्या बॅटरीने मला जे दिसलं ते बर्म्याचं लक्षण होतं तसंच नकली असण्याचंही होतं, आणि त्याने अर्धंच सांगितलं.

मला सगळ्यात जास्त हादरवून गेली ती तारीख. १९०२. थिबा राजा तेव्हा रत्नागिरीत हयात होता. त्यानंतरच्या काळात असे खडे दागिन्यांत सर्रास बसवले गेले. म्हणजे माझी अंगठी खरोखर शंभर वर्षांची निघाली असती, गहाणखतासकट मिळाली असती, तरी खडा कारखान्यातला असू शकला असता. कड्याचं वय, सोन्याचा कस, घराण्याची गोष्ट, यातलं काहीही खड्याबद्दल बोलत नाही. खडा वेगळा तपासावाच लागतो.

मूळ ठिकाणाचं तर आणखी कठीण. बर्मा, काश्मीर, सिलोन हे खड्यावर लिहिलेलं नसतं. आतले सूक्ष्म कण आणि अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं बघून तज्ज्ञ आपलं मत देतात, आणि मोठ्या लॅबही आपल्या रिपोर्टमध्ये ते मत म्हणूनच लिहितात. अमेरिकेतली जीआयए, स्वित्झर्लंडमधल्या एसएसईएफ आणि गुबेलिन या लॅब त्यासाठी नावाजलेल्या. माझ्या लॅमिनेट कार्डावर खड्याचं माप नव्हतं, रंग सुधारायला खड्याला उष्णता दिली आहे का याची नोंद नव्हती, आणि वजन होतं ते अख्ख्या अंगठीचं.

वजनातही मी फसले होते. तो 'सव्वापाच रत्ती' म्हणाला होता. ज्योतिषाच्या रत्नांच्या बाजारात जी रत्ती चालते ती साधारण १८० मिलिग्रॅमची, सोनाराची जुनी रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची. पहिलीने सव्वापाच रत्ती म्हणजे पावणेपाच कॅरेटच्या आसपास, आणि पैसे त्या हिशेबाने घेतलेले. सुटा खडा काट्यावर ३.१९ कॅरेट भरला, म्हणजे सोनाराच्या रत्तीने सव्वापाच. खड्याच्या वजनाचा कॅरेट (सोन्याच्या कसाचा नव्हे) सगळीकडे २०० मिलिग्रॅमचाच असतो, म्हणून वजन कॅरेटमध्येच लिहून मागा.

फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, पावती बघा." पावतीवर होतं: जुनी अंगठी, लाल खडा, १ नग, परत घेतली जाणार नाही. 'माणिक' हा शब्दच नव्हता. मी ती पावती घडी घालून कपाटात ठेवली होती, वाचली नव्हती. माझ्याकडे उरला तो त्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज, विक्रीच्या आधीचा, अंगठीच्या फोटोखाली 'प्युअर नॅचरल बर्मा रूबी' असं लिहिलेला. आणि बँकेतून गेलेले १ लाख ८० हजार. रोख ५० हजारांचा काही पुरावा नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून माहिती घेतली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ज्यांना वाटतं की आता उशीर झाला, त्यांनी तारीख मोजून बघा. माझ्या प्रकरणात अजून तारखा पडत आहेत.

मागच्या महिन्यात नणंदेकडून माझा नंबर घेऊन एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी तो अंगठी दाखवून गेला होता. निळी मखमली डबी, मागून बंद, जांभळी बॅटरी. त्यांचं माहेर बडोद्याचं. त्यांच्या अंगठीची गोष्ट बडोद्याच्या राजवाड्यातली होती.

मी त्यांना म्हटलं, त्याला एवढाच मेसेज करा: पावतीवर 'नैसर्गिक माणिक' आणि कॅरेटमधलं वजन लिहून द्याल का, आणि खडा सुटा करून लॅबचा रिपोर्ट आल्यावर पैसे दिले तर चालेल का? त्यांनी केला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.