आईची रक्त पातळ करायची गोळी बदलावी का? जुनी आणि नवी, शेजारी शेजारी ठेवून

"शेजारच्या काकूंना नवी गोळी दिलीय. त्यांना दर महिन्याला रक्त तपासावं लागत नाही. आमच्या आईलाही तीच द्या ना." गोव्यात डिचोलीच्या आमच्या फार्मसीत हे मी इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. विचारणारा बहुधा मुलगा असतो किंवा सून, आणि त्यांची अडचण खरी असते. भर पावसात सत्तरी तालुक्यातून कदंबची बस पकडून तपासणीला यायचं, रिपोर्टसाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं, मग डॉक्टरांना फोन, मग उद्यापासून गोळी अर्धी की पाऊण याचा घोळ. महिना संपला की पुन्हा तेच.

जुनी म्हणजे वॉरफेरिन, किंवा तिच्याच घराण्यातली अ‍ॅसेनोकुमारॉल. हिला आपल्याकडे अ‍ॅसिट्रॉम म्हणूनच ओळखतात. नव्यांत डॅबिगॅट्रॅन, रिव्हरॉक्सॅबॅन आणि अ‍ॅपिक्सॅबॅन येतात. दोन्हींना आपण रक्त पातळ करायची गोळी म्हणतो, पण रक्त काही पातळ होत नाही, त्याची गुठळी व्हायला वेळ लागतो एवढंच. यकृत जीवनसत्त्व के वापरून रक्त गोठवणारे घटक बनवतं, ते काम जुनी गोळी मंदावते. म्हणून तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. नवी गोळी तयार घटकालाच पकडते. दोन-चार तासांत काम सुरू होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं.

कुठली चांगली हे विचारण्याआधी मी विचारतो, आईला ही गोळी कशासाठी सुरू केली? पुष्कळांना ते सांगता येत नाही. फाईल उघडा आणि इको तपासणीचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद शोधा.

हृदयात धातूची झडप बसवलेली असेल, तर जुनीच गोळी. इथे चर्चेला जागाच नाही. अशा रुग्णांवर डॅबिगॅट्रॅन वापरून पाहिलेला रिअलाइन नावाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. २५२ रुग्णांनंतर तो मध्येच थांबवावा लागला. डॅबिगॅट्रॅनवरच्या ५ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला होता, वॉरफेरिनवरच्या एकालाही नाही. रक्तस्रावही नव्या गोळीवरच जास्त होता.

लहानपणीच्या रुमॅटिक तापाने झडप आकसलेली असेल, तरीही उत्तर जुनीच. आपल्या घरांत हा आजार अजून भेटतो, बायकांत जास्त, म्हणून इथे थोडं थांबतो. नव्या गोळ्यांच्या मोठ्या अभ्यासांतून झडप चांगलीच आकसलेल्या रुग्णांना वगळलेलं होतं. त्यामुळे बरीच वर्षं सगळे अंदाजानेच चालले होते. २०२२ साली इन्व्हिक्टस अभ्यास आला. रुमॅटिक हृदयरोग आणि अनियमित ठोके असलेले ४,५३१ रुग्ण, त्यांत भारतातलेही. सरासरी वय पन्नाशीचं, आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया. रिव्हरॉक्सॅबॅनच्या गटात ५५२ मृत्यू झाले, जुन्या गोळीच्या गटात ४४२. मोठ्या रक्तस्रावात दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुनी गोळी घेणाऱ्यांचं आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा दर महिन्याच्या तपासणीतला आकडा, काही आदर्श नव्हतं, सुरुवातीला तर जेमतेम तिघांत एकाचं हव्या त्या मर्यादेत होतं. तरीही जुनी गोळी सरस ठरली. शेजारच्या काकूंचं पाहून आईची गोळी बदलू नका म्हणतो ते यासाठी. काकूंच्या झडपा धडधाकट असतील, आईच्या नसतील.

झडपा ठीक आहेत, फक्त ठोके अनियमित पडतात, डॉक्टर ज्याला एएफ म्हणतात, असं असेल तर पारडं फिरतं. इथे मी नव्या गोळीच्या बाजूने आहे, आणि नव्यांतही अ‍ॅपिक्सॅबॅनच्या. २०११च्या अ‍ॅरिस्टॉटल अभ्यासात १८,२०१ रुग्ण होते. मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण वॉरफेरिनवर वर्षाला ३.०९ टक्के होतं, अ‍ॅपिक्सॅबॅनवर २.१३. मेंदूतला रक्तस्राव निम्म्याहून कमी झाला आणि पक्षाघातही घटले. रिव्हरॉक्सॅबॅननेही मेंदूतला रक्तस्राव कमी केला, पण पोटातला वाढवला. अल्सरचा जुना त्रास असेल तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालाच.

मग किडनीचा हिशेब. रिपोर्टवर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, १.२ दिसलं की घरचे निर्धास्त होतात. पण ८२ वर्षांची, ४८ किलोची आजी घ्या. १४० मधून वय वजा करा, ५८ उरले. त्याला ४८ ने गुणा, मग ७२ गुणिले १.२ ने भागा, आणि बाईमाणूस म्हणून ०.८५ ने गुणा. उत्तर येतं साधारण २७. म्हणजे किडनी मिनिटाला जेमतेम २७ मिलिलिटर रक्त साफ करते, निरोगी तरुणाच्या सुमारे पाव भाग. डॅबिगॅट्रॅनचा ८० टक्के निचरा किडनीतून होतो, म्हणून या आजीला ते नको. अ‍ॅपिक्सॅबॅन चालेल, पण ५ मिलिग्रॅमऐवजी २.५, दिवसातून दोनदा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिघांपैकी दोन गोष्टी जुळल्या की डोस असा कमी करतात. एकच जुळत असताना भीतीपोटी निम्मी गोळी देऊ नये, त्याने पक्षाघाताचं संरक्षण घटतं. चिठ्ठी हातात आली की मी आजीचं वजन विचारतो ते याच्यासाठी. काट्यावर उभं करून ते लिहून आणा, अंदाजाने सांगू नका.

डॅबिगॅट्रॅनची आणखी एक अडचण गोव्यात विशेष. ही कॅप्सूल दमट हवेत खराब होते. जूनपासून पुढे आपल्याकडे मीठसुद्धा डब्यात ओलं होतं. आठवड्याच्या गोळ्या वारांच्या खणांत काढून ठेवायची सवय असेल, तर ही कॅप्सूल त्यात टाकू नका. ती मूळ पाकिटातच राहू द्या आणि वेळेला एकेक काढा. उघडून पाण्यात मिसळून तर मुळीच देऊ नका. रिव्हरॉक्सॅबॅनची २० किंवा १५ मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच घ्यायची, नाहीतर ती अंगी पुरती लागत नाही. एकादशी, सोमवार, चतुर्थी न चुकता धरणाऱ्या आईसाठी हे आधी बोलून घ्या. अ‍ॅपिक्सॅबॅनला जेवणाची अट नाही.

आता स्वयंपाकघर. जुनी गोळी सुरू झाली की कुणीतरी पालेभाजी बंद करायला सांगतं, आणि आई मुकाट ताटातली तांबडी भाजी बाजूला सारते. ते चूक आहे. भाजी बंद करायची नाही, तिचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं. घोटाळा होतो तो एकदम वाढली किंवा एकदम थांबली की. श्रावणात टायकिळा, अष्टमीला शेवग्याचा पाला, मग चतुर्थीचे दिवस, असा पाला ताटात वाढला की आयएनआर खाली येऊ शकतो. त्या दिवसांत तपासणी थोडी लवकर करून घ्यावी. नव्या गोळ्यांना पालेभाजीचं काही नाही.

औषधांचं मात्र दोन्हींना आहे, जुनीला फारच. माझी आत्या वाळपईची, झडपेच्या आजारामुळे वॉरफेरिनवर. तिच्या कालनिर्णयावर प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलने त्या दिवसाचा डोस, २ किंवा ३, लिहिलेला असतो, गोळी घेतली की त्यावर काट. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला जुलाब लागले. जवळच्या एका दवाखान्यातून मेट्रोनिडाझोल मिळालं. तिची रोजची औषधं कोणी विचारली नाहीत, तिनेही सांगितली नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. तिला वाटलं हिरडी खरचटली. दुपारपर्यंत थांबेना म्हणून मला फोन केला. आयएनआर ६.८ निघाला, हवा होता २ ते ३. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखल करून जीवनसत्त्व के दिलं आणि ती सावरली, पण तो प्रवास मी विसरणार नाही. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये मी एक कार्ड ठेवलंय, त्यावर गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर. फ्लुकोनाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, हृदयाचं अमिओडॅरोन, हीसुद्धा आयएनआर वर नेणारी औषधं. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलट जुनीचा आणि नव्यांचाही परिणाम मारतं. आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून उचललेलं डायक्लोफेनॅक दोन्हींसोबत रक्तस्राव वाढवतं.

गोळी विसरण्याची सवय असेल तर काय, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवा. वॉरफेरिन एक दिवस चुकली तरी परिणाम थोडा मागे राहतो. अ‍ॅपिक्सॅबॅनचे दोन डोस चुकले की आई उघडी पडली. शिवाय महिन्याची तपासणी नसल्यामुळे ते कुणाला कळतही नाही. घरी गोळी हातात देणारं कोणी नसेल, तर तपासणी लागत नाही हा फायदा म्हणून मोजू नका. खर्चाचं म्हणाल तर जेनेरिक आल्यापासून नव्या गोळ्या पुष्कळ उतरल्या आहेत. तरी जुनी स्वस्तच. पण तिच्या किमतीत तपासणी, बसभाडं आणि मुलाची बुडालेली हजेरी धरायला विसरू नका.

एक प्रसंग असा, जिथे झडपा चांगल्या असूनही मी बदलाच्या विरुद्ध बोलतो. आई पंचाहत्तरीपुढची, खंगलेली, आणि जुन्या गोळीवर आयएनआर वर्षानुवर्षं जागेवर. नेदरलँड्समध्ये अशाच वृद्धांवर फ्रेल-एएफ अभ्यास झाला, १,३३० जणांचा, २०२३ साली प्रसिद्ध झालेला. ज्यांना नव्या गोळीवर नेलं त्यांच्यात १५.३ टक्क्यांना दखल घ्यावी असा रक्तस्राव झाला, जुनीवरच राहिलेल्यांत ९.४ टक्क्यांना. गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत. बसलेली घडी फक्त सोयीसाठी मोडू नये. मात्र आयएनआर कधी १.४, कधी ४.५ असा झोके खात असेल, तर डॉक्टरांकडे बदलाचा विषय जरूर काढा. जाताना मागच्या सहा महिन्यांचे सगळे आकडे, इकोचा कागद, क्रिएटिनिन आणि वजन सोबत न्या.

बदलायचं ठरलंच, तर तारीख डॉक्टर देतील. जुनी थांबवून आयएनआर २ च्या खाली आला की अ‍ॅपिक्सॅबॅन किंवा डॅबिगॅट्रॅन सुरू करतात. त्या दिवशी जुनी पाकिटं डब्यातून, देवघराच्या फळीवरून, आईच्या उशाखालून, सगळीकडून गोळा करून आमच्याकडे आणून द्या. दोन्ही गोळ्या एकाच घरात राहिल्या की कधीतरी दोन्ही पोटात जातात.