१५०-६०० की १००-४००? हळदी-कुंकवाच्या पिल्लांसाठी

गणपती गेले की सांगलीच्या आसपासच्या खणींवर हळदी-कुंकू बदकं पिल्लं घेऊन दिसू लागतात. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल ठिपका. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी. या पिल्लांसाठी लेन्स घ्यायची आहे आणि १५०-६०० मिमीची की १००-४०० मिमीची (आकडा मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) यावर गाडी अडली असेल, तर मी दोन्ही वापरल्या आहेत. आधी मोठी घेतली, तीन हंगामांनंतर लहान.

पल्ला मोठीचाच, त्यात वाद नाही. थंडीत विट्यावरून मायणीला गेलात आणि पट्टकादंब पार तलावाच्या मध्यावर बसलेले असले, की ४०० हात टेकते. पण ते पाहुणे. त्यांची पिल्लं तिकडं तिबेट-लडाखच्या पठारावर होतात, आपल्या वाट्याला येतात ती हळदी-कुंकवाचीच. आणि माणसांच्या वर्दळीला सरावलेली ही आई, तुम्ही गप्प बसलात तर दहा-बारा मीटरवर येते. क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरचा कॅमेरा, त्यात चौकट आणखी आवळते) तेवढ्याला ४०० पुरते, निदान मला तरी पुरली. तेवढ्या अंतरावर ६०० लावली तर एकटी आईसुद्धा चौकटीत मावत नाही.

माझं मत फिरलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. ही मंडळी पाणकणसात शिरली की वीस-वीस मिनिटं बाहेर येत नाहीत, आणि येतील ती कुठून, याचा नेम नाही. मोठी लेन्स १,९३० ग्रॅम, वर कॅमेरा. पाच मिनिटांत मनगट भरून येतं, लेन्स मांडीवर उतरते. नेमकी तेव्हाच आई बाहेर येते. मी लेन्स उचलायला जावं, त्या हालचालीनं तिनं मान ताठ करून हाक द्यावी, आणि आठ पिल्लं रांगेनं परत आत. एका सकाळी हे चार वेळा झालं. चिखलात बसून मला अगदी रडू यायचं बाकी होतं. फोटो गेल्याचं दुःख होतंच, पण पिल्लांची चरायची वेळ माझ्यामुळं वाया जात होती, ते जास्त लागलं.

लेन्सला टेकण म्हणून शाळू भरलेली पिशवी खाली ठेवून पाहिली. समोरून आली तर उत्तम, बाजूनं आली तर सगळंच हलवावं लागतं. ट्रायपॉड खणीच्या उतारावर नीट बसत नाही, आणि उंच केला तर पाण्यालगतचा कोन जातो. कुणाला जमतही असेल.

लहान लेन्स १,१६० ग्रॅमची. कोपरं गुडघ्यांवर टेकून ती डोळ्याला लावूनच ठेवता येते, उचलायचा प्रश्नच राहत नाही. गेल्या वर्षी आईच्या मागं राहिलेलं शेवटचं पिल्लू शेवाळातून धडपडत येताना मिळालं, ते असंच.

उन्हाचंही आहे. ऑक्टोबरात नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरते, मग लांबून ६०० नं घेतलेले फोटो पिसापिसाशी मऊ येतात. मी लेन्सलाच दोष देत राहिलो होतो.

मोठी विकलेली नाही, डिसेंबरात मायणीला तीच नेतो. तुमचं मुख्य ठिकाण तलाव असेल तर तीच घ्या. खण असेल, तर दुकानात फोटो काढून बघत बसू नका. खाली मांडी घालून बसा, लेन्स डोळ्याला लावा आणि दहा मिनिटं तशीच धरून ठेवा.