ग्रीक भूतकाळ: इम्परफेक्ट की एओरिस्ट?

प्राचीन ग्रीकमधले हे दोन्ही भूतकाळच. दोन्हींच्या आरंभी ‘ए’ हा आगम, म्हणजे क्रियापदाआधी जोडलेला वर्ण, संस्कृतच्या लङ्-लुङ् या भूतकाळांमधल्या ‘अ’चा भाऊबंद. फरक अंगात, म्हणजे ज्याला प्रत्यय लागतात त्या मूळ रूपात. इम्परफेक्ट वर्तमानाच्या अंगावर बनतो: एलेइपोन, ‘मी सोडत होतो’. एओरिस्टचं अंग वेगळं: एलिपोन, ‘मी सोडलं’. घाईत वाचणारा इथेच फसतो.

इम्परफेक्टमधलं एपेइथोन म्हणजे पटवत होतो, पटलं की नाही ते गुलदस्त्यात. एओरिस्टमधलं एपेइसा म्हणजे पटवलंच.

एओरिस्ट म्हणजे क्षणिक क्रिया, हा समज मात्र सोडावा. ‘दहा वर्षं राज्य केलं’ यालाही एओरिस्ट चालतो, कारण तिथे क्रिया एकगठ्ठा पाहिलेली असते. आज्ञार्थात आगम गळतो, भूतकाळाचा अर्थही जातो. उरतो फक्त पाहण्याचा कोन: वर्तमानाच्या अंगाचं लुए, ‘सोडवत राहा’. एओरिस्टच्या अंगाचं लुसोन, ‘सोडवून टाक’.