नोसॅक-५० प्रश्नावली: आठ महिने वापरल्यानंतर

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, मी सेफ्टी बघतो. गेटवरच्या अपघाताच्या बोर्डावरचा आकडा बदलतो तो कुणाला लागल्यावरच. त्याआधी सुरक्षेबद्दल लोकांच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून नोसॅक-५० ही प्रश्नावली घेतली. नॉर्डिक देशांतल्या संशोधकांनी मिळून केलेली, २०११ साली प्रसिद्ध झालेली, वापरायला मोफत. ५० विधानं, सात विषय, मान्य-अमान्यचे चार पर्याय. ‘सांगता येत नाही’ ही पळवाट ठेवलेली नाही, हे मला फार पटलं.

पहिली फेरी ४ मार्चला, सुरक्षा दिनी घेतली आणि ती वाया गेली. चूक माझीच. कागद सुपरवायझरच्या हातून वाटले, त्यांच्याच हातून गोळा केले. सगळीकडे ‘पूर्ण मान्य’. पण यात काही विधानं मुद्दाम उलटी घातलेली आहेत. अपघात झाला की साहेब कारण शोधतात, आणि साहेब नेहमी कामगारालाच दोष देतात, या दोन्हींवर एकाच माणसाची एकच खूण! न वाचता, किंवा घाबरून भरलेला कागद तिथेच कळतो.

दुसऱ्या वेळी कँटीनमध्ये कुलूप लावलेली पेटी ठेवली. नाव नाही, कामगाराचा तिकीट नंबर नाही. कंत्राटी पोरांसाठी हिंदी प्रत काढली. ‘व्यवस्थापन’ म्हणजे नक्की कोण, सुपरवायझर की प्लँट हेड, हे सगळे विचारायचे, म्हणून तेही वर लिहून टाकलं.

गुण १ ते ४ मध्ये निघतात. ३.३० च्या वर चांगलं, २.७० च्या खाली गेलं तर ताबडतोब हात घालायचा. आमच्याकडे एकमेकांवरचा विश्वास भक्कम निघाला. अपघातानंतर न्याय मिळतो का, हा विषय तळाला. आणि त्याच विषयाला साहेबांनी स्वतः भरलेल्या कागदांत भरघोस गुण. एका कागदाच्या पाठीमागे पेनाने लिहिलं होतं, ‘बोट थोडक्यात वाचलं. सांगितलं असतं तर मेमो.’ तो कागद मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

सेफ्टी कमिटीत कामगारांची आणि साहेबांची, ही दोन्ही सरासरी शेजारी शेजारी मांडली. थोडक्यात वाचल्याचं सांगणाऱ्याला मेमो द्यायचा नाही, असं लेखी ठरलं.

५० विधानं शिफ्टच्या तोंडावर जास्त होतात, त्यासाठी कामाचा वेळ काढून द्यावा लागतो. वर्षातून एकदाच्या वर घेऊ नये, लोक कंटाळून खुणा करतात.

गेल्या महिन्यात सेकंड शिफ्टचा एक ऑपरेटर आपणहून आला आणि मला प्रेसपाशी घेऊन गेला. हात प्रेसखाली जाऊ नयेत म्हणून दोन हातांनी दाबायची जी बटणं असतात, त्यांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं होतं. “साहेब, मीच लावली होती,” म्हणाला.