सोप बेस की कोल्ड प्रोसेस? मॉइश्चरायझिंग साबण घरी करणाऱ्यांसाठी

थंडीत माझ्या बोटांच्या पेरांना भेगा पडतात, त्यापायी मी साबण घरी करायला घेतला. आधी दोन वर्षं सोप बेस, म्हणजे विकत मिळणारा तयार साबणाचा ठोकळा, वितळवून केला. आता तीन वर्षं कोल्ड प्रोसेसने करतो, म्हणजे तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून, न शिजवता.

बेसची सोय नाकारण्यासारखी नाही. वितळवला, सुगंध घातला, साच्यात ओतला की संध्याकाळी वडी तयार. तेलाचा साबण आधीच झालेला असतो, त्यामुळे कॉस्टिकला हात लावायचा प्रश्नच नाही. घरात रांगतं मूल असेल किंवा परवाच कुणाला भेट द्यायची असेल, तर बेसच घ्यावा. आरपार दिसणारी वडीही मला बेसमध्येच जमली.

अडचण येते ती ‘मॉइश्चरायझिंग’ म्हणताना. मला वडीत बदामतेल हवं होतं. अर्धा किलो बेसमध्ये एक चमचा नीट मिसळलं. हुरूप येऊन पुढच्या वेळी चार चमचे घातले, तर वडी थंड होता होता तेल वर आलं, पाठीवर चिकट थर बसला आणि फेस जवळजवळ गेलाच. तयार साबणाला वरून किती तेल पाजायचं याला फार लवकर मर्यादा येते. मग तेल सोडून ग्लिसरीन वाढवलं, आणि वड्यांना घाम सुटला. बेसमध्ये ग्लिसरीन मुळातच भरपूर असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. दमट दिवसांत सकाळी बघावं तर वडीवर बारीक थेंब उभे. कागदात बांधून ठेवलेल्या सहा वड्या उघडल्या तेव्हा कागद सालीसारखा चिकटलेला आणि खालचा साबण बुळबुळीत. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की हे टळतं, पण वापरायला काढल्यावर पुन्हा तेच. त्या सहा वड्यांनंतर मी कॉस्टिककडे वळलो.

कोल्ड प्रोसेसमध्ये किती तेल शिल्लक ठेवायचं हे आपण ठरवतो. सगळ्या तेलाला लागेल त्याहून 5 ते 8 टक्के कॉस्टिक कमी घ्यायचं. तेवढं तेल साबण न होता वडीत राहतं, आणि वर तरंगत नाही. साबण होताना तयार झालेलं ग्लिसरीनही वडीतच राहतं, तरी माझ्या वड्यांना कधी घाम आलेला नाही. माझं प्रमाण: ऑलिव्ह तेल 300 ग्रॅम, खोबरेल 150, एरंडेल 50, कॉस्टिक 69 आणि पाणी 140 ग्रॅम. खोबरेल याहून वाढवलं की फेस जोरदार येतो, पण अंग ओढल्यासारखं होतं. तेल बदललं तर कॉस्टिकचा हिशेब नव्याने करावा लागतो, कारण खोबरेलाला ऑलिव्हपेक्षा बरंच जास्त लागतं.

धोका आहे, तो कमी लेखू नका. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, खिडकी उघडी हवी, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. मापं ग्रॅमच्या काट्यावर, चमच्याने नव्हे. एवढं पाळलं तर बाकी काम सोपं: कॉस्टिकचं पाणी तेलात घालून ब्लेंडरने घोटायचं, आणि ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार क्षणभर वर उमटून राहिली की साच्यात ओतायचं.

खरी परीक्षा मुरण्याची. चार ते सहा आठवडे वडी हवेशीर जागी ठेवावी लागते. मी एक दहाव्या दिवशीच वापरायला काढली, तर ती आठवड्याभरात विरघळून गेली. त्याच घाण्यातली दुसरी सहा आठवड्यांनी काढली आणि ती महिनाभर पुरली.

प्रत्येकाच्या त्वचेला हे मानवेलच असं मी म्हणणार नाही. माझ्या पेरांना मात्र गेल्या दोन हिवाळ्यांत रात्री मलम लावावं लागलेलं नाही, बेसच्या साबणावर ते रोज लागायचं. पहिलाच प्रयोग असेल तर एकदा बेस वितळवून साच्याचा अंदाज घ्या, आणि कॉस्टिकचा पहिला घाणा अर्ध्या किलो तेलाचाच करा. वड्या कापल्या की खोक्यावर तारीख लिहायला विसरू नका.