तीन वर्षांचं एलएलबी, दोन सत्रांनंतर: कॉलेज घड्याळ बघून निवडा

लॉ कॉलेज म्हटलं की चर्चा नावावरूनच सुरू होते. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (जीएलसी) १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं, आणि गजेंद्रगडकर, यशवंत चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश आयएलएसचेच. नावाला वजन आहेच. पण एकाच विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत अभ्यासक्रमही तोच आणि बहुधा सत्राअखेरचा पेपरही तोच. मग वेगळं काय पडतं? दोन सत्रांनंतरचं आमचं उत्तर साधं आहे: तासांच्या वेळा आणि कोर्टापर्यंतचं अंतर.

जिल्हा न्यायालयात बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची सुनावणी, अकराच्या सुमारास सुरू होतो. सकाळचे तास साडेदहाला संपत असतील आणि कोर्ट अर्ध्या तासावर असेल, तर साक्ष, उलटतपासणी, जामिनाचा युक्तिवाद रोज बघता येतो. तास अकरा ते चार असतील, तर कोर्ट फक्त सुट्टीतल्या इंटर्नशिपपुरतं उरतं. जीएलसीचं मोठं बलस्थान हेच आहे: चर्चगेटच्या कॉलेजातून उच्च न्यायालय पायी वीसेक मिनिटांवर.

इथेच हजेरीचं गणित आडवं येतं. वकिली आणि विधी शिक्षणाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे ७० टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारणासाठी प्राचार्य ६५ टक्क्यांवर परीक्षेला बसू देऊ शकतात, तेही सगळे विषय मिळून ७० भरत असतील तरच. एका विषयाचे सत्रात ६० तास धरा, म्हणजे १८ चुकवता येतात. आठवड्याला चार तास असतील तर चार आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये त्यातले १६ जातात. पुढे एक ताप आला की नाव हजेरी कमी पडलेल्यांच्या (डिफॉल्टर) यादीत. तीन वर्षांत किमान १२ आठवडे इंटर्नशिप सक्तीची, आणि एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त आठवडे चालत नाहीत. म्हणून इंटर्नशिपच्या दिवसांची हजेरी कॉलेज कशी धरतं, हे प्रवेशाआधीच ऑफिसात विचारा. तोंडी उत्तरावर राहू नका, नोटीस दाखवायला सांगा. नोकरी करणाऱ्यांनी तर नक्कीच: बार कौन्सिलच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर नोकरीची माहिती आणि मालकाचं ना-हरकत पत्र द्यावं लागतं, आणि बायोमेट्रिक हजेरीचाही आदेश आहे.

शिकवणं कसं आहे हे माहितीपत्रकातून कळत नाही. शेवटच्या वर्षाच्या कुणाची तरी ड्राफ्टिंगची (मसुदालेखनाची) जर्नल मागून बघा. या पेपरात १५ प्लीडिंगचे (कोर्टात दाखल करायचे दावे-अर्ज) आणि १५ कन्व्हेयन्सिंगचे (खरेदीखतासारखे दस्त) मसुदे असतात, ४५-४५ गुणांचे, शिवाय १० गुणांची तोंडी. मसुद्यावर लाल शाईत ‘वादकारण कधी घडलं ते लिहा’, ‘सत्यापन राहिलं’ अशा दुरुस्त्या असतील तर कुणीतरी वाचतंय. नुसत्या सह्या असतील तर जर्नल मागच्या बॅचकडून उतरवलेली, आणि पुढे सिनिअरच्या चेंबरमध्ये साधा मुदतीचा अर्जही जमत नाही. मूटच्या (सराव न्यायालयाच्या) पेपरातल्या दोन खटल्यांच्या निरीक्षणाच्या नोंदींनाही हीच कसोटी लावा. (त्याच दोन केसेस अख्ख्या वर्गाच्या वहीत दिसल्या तर समजून घ्या.)

ग्रंथालयात दोनच गोष्टी तपासा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तीन फौजदारी कायद्यांच्या टीकाग्रंथांच्या पुरेशा प्रती आहेत का? एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र हे न्यायनिवाड्यांचे ऑनलाइन संग्रह घरून उघडतात का? बऱ्याच ठिकाणी लॉगिन फक्त कॉलेजच्या नेटवर्कवर चालतं, आणि परीक्षेच्या आठवड्यात चार संगणकांपुढे रांग लागते.

इमारत, कँटीन, वातानुकूलित मूट हॉल: दुय्यम.

कॉर्पोरेट फर्मच हवी असेल तर हिशेब वेगळा. तिथे कॅम्पस भरती आणि निवासी वातावरण यांना महत्त्व आहे, आणि बारावीनंतरच क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम गाठणं बरं. मात्र राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेची, म्हणजे सीईटीची, सवय घेऊन क्लॅटला बसू नका: सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, क्लॅटमध्ये पाव गुण जातो.